सॅम्पल पास, मग निकाल नापास कसा?

कॅम्पस भरतीच्या कोडिंग टेस्टचा हंगाम आला की इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘‘सगळे सॅम्पल केस पास झाले होते रे, तरी उडवलं!’’

पहिला गैरसमज इथेच आहे. प्रश्नाखाली दिसणारे दोन-तीन नमुने फक्त प्रश्न समजावा म्हणून असतात. गुण मिळतात ते लपवलेल्या टेस्ट केसवर. समजा, १ लाख आकड्यांच्या यादीतून ठरावीक बेरीज देणारी जोडी शोधायची आहे. एकात एक असे दोन लूप लावले की नमुन्यातल्या पाच आकड्यांवर उत्तर क्षणात येतं. लाखावर मात्र सुमारे ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी क्रिया हा नेहमीचा ठोकताळा धरा. म्हणजे ५० सेकंद. मुभा असते एक-दोन सेकंदांची. आधी पाहिलेले आकडे हॅश टेबलमध्ये ठेवले, तर यादीवरून एकदाच फिरून काम होतं. त्यातही बेरीज-गुणाकार ३२ बिटांच्या इंटमध्ये साठवला तर घात होऊ शकतो. तिथे २१४ कोटींच्या थोडं पुढे आकडा मावत नाही, आणि लाख गुणिले लाख म्हणजे १००० कोटी!

‘पायथन हळू, म्हणून नापास’ ही त्या तक्रारीचीच धाकटी बहीण. अनेक ठिकाणी पायथनला जास्त वेळ दिलेला असतो; आणि ५०० कोटी जोड्या सी प्लस प्लसलाही झेपत नाहीत.

‘मित्राचा कोड घ्यायचा, व्हेरिएबलची नावं बदलायची, कोणाला कळतंय?’ कळतं. १९९४ साली तयार झालेलं ‘मॉस’ हे सॉफ्टवेअरसुद्धा नावं बाजूला ठेवून कोडचा सांगाडाच ताडून पाहतं.

आता कंपन्यांचा गैरसमज: जो या टेस्टमध्ये अडला, त्याला प्रोग्रॅमिंग येत नाही. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ जणांवर केलेला प्रयोग वेगळं सांगतो. काहींनी मुलाखतकारासमोर फळ्यावर प्रश्न सोडवला, काहींनी खोलीत एकट्याने. समोर कोणी बघत असताना कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. हा प्रयोग घड्याळाचा नव्हता, नजरेचा होता, हे खरं. पण हल्ली वेबकॅम रोखलेल्या आणि टॅब बदलला तरी नोंद होणाऱ्या टेस्टमध्ये नजर आणि घड्याळ दोन्ही डोक्यावर असतात. हजारो अर्जांतून शंभर निवडायला ही चाळणी ठीक. कोण चांगला इंजिनिअर होईल, हे तिला विचारू नये. त्यासाठी एखादा बिघडलेला कोड दुरुस्त करायला द्यावा आणि शेजारी बसून बोलावं.

बाकी, टेस्टला बसणाऱ्यांनो, एडिटरला हात लावण्याआधी प्रश्नाच्या तळाशी दिलेली ‘एन’ची, म्हणजे यादीत किती आकडे असतील याची, मर्यादा वाचा. दोन लूप चालतील की नाही, ते तिथेच कळतं.