एक खोली वाढवायचीय? ठेकेदाराला होकार देण्याआधी हा हिशेब वहीत मांडा

दिवाळी झाली, शेतमालाचे पैसे हातात आले की गावोगावी बांधकामं निघतात. कुणाच्या मुलाचं लग्न ठरलेलं असतं, कुणाला जनावरांच्या गोठ्याशेजारी सामानाची खोली हवी असते. ठेकेदार विचारतो, "किती बाय किती?" आपण सांगतो, "दहा बाय बारा." तो स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो, आपण मनातल्या मनात गुणाकार करतो आणि काम सुरू होतं. पुढं स्लॅब पडतो आणि पैसे संपतात. मग प्लास्टर राहतं, दार राहतं, नाहीतर कर्ज काढावं लागतं.

हे टाळायचं असेल तर खोलीचा अंदाज स्वतः काढता आला पाहिजे. त्यासाठी फक्त टेप, वही आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर लागतो.

खोली एक, स्क्वेअर फूट तीन

आतून 10 बाय 12 फुटांची खोली घेऊ. तिची 12 फुटी बाजू जुन्या घराला लागून आहे, म्हणजे नव्या भिंती तीनच, 9 इंची.

- आतलं मोजमाप : 10 × 12 = 120 स्क्वेअर फूट
- भिंतींसह बाहेरून : 10.75 × 13.5 = सुमारे 145 स्क्वेअर फूट
- तिन्ही बाजूंना 1 फूट बाहेर काढलेला स्लॅब : 11.75 × 15.5 = सुमारे 182 स्क्वेअर फूट

आता समजण्यापुरता 1,600 रुपये रेट धरा. पहिल्या मापाने 1 लाख 92 हजार होतात, दुसऱ्याने 2 लाख 32 हजार आणि तिसऱ्याने 2 लाख 91 हजार. खोली तीच, रेटही तोच, पण फरक जवळपास लाखाचा. म्हणून रेट विचारायच्या आधी "माप कुठून कुठपर्यंत धरणार?" हे विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

वाढीव खोलीला पूर्ण घराचा रेट लागू होत नाही

शेजाऱ्याने हजार फुटांचं घर बांधलं, त्याचा रेट आपल्याला लावून चालत नाही. मोठ्या घरात मिक्सर, सेंट्रिंगचं सामान, ने-आण यांचा खर्च जास्त फुटांवर वाटला जातो. छोट्या खोलीला तोच खर्च थोड्या फुटांवर येतो. शिवाय जुनी भिंत फोडून दार काढणं, राडारोडा उचलणं, जुना छज्जा किंवा पत्रा काढणं ही कामं नव्या घरात नसतातच.

जमिनीखालचा खर्च आधी बघा

मुरमाड जमिनीत पाया लवकर भेटतो. काळी जमीन असेल तर कडक थर लागेपर्यंत खाली जावं लागतं, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आपल्या खोलीच्या तीन भिंतींची लांबी साडेतेहतीस फूट होते. अडीच फूट रुंदीचा चर 3 ऐवजी 5 फूट खोल न्यावा लागला, तर दीड ब्रासच्या वर जादा खोदाई आणि तेवढंच पायाचं काम वाढतं. त्यामुळे ठेका ठरवण्याआधी एका कोपऱ्यात खड्डा घेऊन जमीन बघा.

दुसरी गोष्ट. जुनं घर बसून गेलेलं असतं, नवीन खोली अजून बसायची असते. दोन्ही घट्ट जोडले की सांध्यावर भेग पडते आणि तिथूनच पाणी झिरपतं. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतीवर नवा स्लॅब टेकवणं तर धोक्याचंच. अशा वेळी चौथी भिंत किंवा कॉलम वेगळे घ्यावे लागतात आणि तो खर्च अंदाजात हवा. कॉलम, बीम आणि लोखंड किती लागेल, हे इंजिनिअरकडून लिहून घ्या. त्याची फी वाया जात नाही.

मालाचा हिशेब

विटा : भिंतींची लांबी 33.5 फूट, उंची 10 फूट, म्हणजे 335 स्क्वेअर फूट. दार (3 बाय 7) आणि खिडकी (4 बाय 4) वजा केली की उरतात सुमारे 298. वीट 9 × 4 × 3 इंचाची असेल तर 9 इंची भिंतीला फुटाला साधारण 10 विटा, तुटफूट धरून. म्हणजे 3 हजार विटा. विटेमागं 1 रुपया वाढला की 3 हजारांचा फरक पडतो. भट्टीनुसार विटेचा साइज बदलतो, म्हणून आधी वीट मोजा.

स्लॅब : 182 फूट, जाडी 5 इंच, म्हणजे सुमारे 76 घनफूट काँक्रीट. एक-दीड-तीनच्या मिश्रणाला साधारण 17 गोण्या सिमेंट, पाऊण ब्रासच्या आत खडी आणि एक तृतीयांश ब्रास वाळू लागते. पाया, बांधकाम, प्लास्टर यांचं सिमेंट वेगळं.

वाळू-खडी : ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली आली की लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजून गुणाकार करा आणि 100 ने भागा. 10 × 6 × 1.5 फूट भरली तर ते 90 घनफूट, म्हणजे पूर्ण ब्रास नाही.

लोखंड : मिलिमीटरमधला व्यास गुणिले व्यास, भागिले 162, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 मीटरचा बार 8 मिमीचा असेल तर सुमारे 4.7 किलो, 10 मिमीचा 7.4 आणि 12 मिमीचा 10.7 किलो. थोडाफार फरक असतो, पण बार मोजून काट्याची पावती पडताळता येते.

सिमेंट : 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. जुन्या कोटेशनवर विसंबू नका. भाव टॅक्ससह आहे का, तेही विचारा.

स्लॅबनंतर खरी परीक्षा

120 फुटांची खोली म्हणजे प्लास्टर थोडंच, असं वाटतं. मोजून बघा. नव्या भिंती आतून सुमारे 280, छत 120 आणि बाहेरून 300, म्हणजे 700 स्क्वेअर फूट. रंगही जवळपास तेवढाच. त्यात फरशी, दार, खिडकी, ग्रील, वायरिंग. शिवाय पाणी मारायचं. स्लॅबला निदान 10 दिवस पाणी हवं. उन्हाळ्यात टँकर लागणार असेल तर तोही वहीत लिहा.

आपल्या एकूण पैशातली निदान एक तृतीयांश रक्कम स्लॅबनंतरच्या कामाला बाजूला ठेवा. तेवढी ठेवून स्लॅब होत नसेल तर खोली लहान करा, किंवा सध्या पत्रा टाका. अर्धवट खोलीपेक्षा राहायला आलेली पत्र्याची खोली बरी. सगळ्या अंदाजावर 10 टक्के वर धरा, कारण खोदल्यावर आणि फोडल्यावरच काही गोष्टी कळतात.

ठेका ठरवताना हे विचारा

- रेट फक्त मजुरीचा की मालासह?
- सेंट्रिंग, मिक्सर, खोदाई, भरणी त्यात धरली आहे का?
- जुनी भिंत फोडणं आणि राडारोडा कुणाकडे?
- सिमेंट आणि लोखंड कोणत्या कंपनीचं?
- माल वाढला, भाव वाढला तर कोण सोसणार?

पैसे टप्प्याटप्प्याने द्या : पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर. प्रत्येक टप्पा झाल्यावरच पुढचा हप्ता. शेवटचे दहा टक्के दार-खिडक्या बसून काम तपासल्यावर द्या.

काम काढण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन परवानगीची चौकशी करा आणि शेजाऱ्यासोबत हद्द बघून घ्या. बांधल्यावर नमुना 8 मध्ये वाढीव बांधकामाची नोंद करून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल, पण पुढं कर्ज किंवा वाटणीच्या वेळी हीच नोंद कामी येते.

अंदाज तंतोतंत कधीच जुळत नाही. पण वहीत आकडे असले की कुठं किती वाढलं ते कळतं, आणि कुठं थांबायचं तेही आधीच ठरवता येतं.