जुनें गवतकापणी यंत्र पारखावें कसें?



अमेरिकेंत घरापुढें व घरामागें हिरवळ राखण्याची रीत फार रूढ आहे. ती कापण्याचें काम पुष्कळ कुटुंबें लहान कंत्राटदारांकडे सोंपवितात. तिकडे स्थायिक झालेल्या कित्येक मराठी कुटुंबांतही हीच रीत आहे. या धंद्यांत नव्यानें पडणारा मनुष्य बहुधा तुटपुंज्या भांडवलावर उभा असतो व म्हणून वापरलेल्या यंत्राच्या शोधांत असतो. यंत्र चांगलें निघालें तर धंदा चालतो. वाईट निघालें तर ऐन हंगामांत काम अडून गिऱ्हाइकें दुसरीकडे जातात. म्हणून असें यंत्र पारखावें कसें, याचा आज विचार करूं.

इंग्लंडांतील ग्लॉस्टरशायर परगण्यांत एडविन बडिंग यानें १८३० सालीं, कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन, गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट मिळविलें. धंदेवाईक लोक आज जें बसून चालविण्याचें यंत्र पसंत करतात, त्यास 'झीरो-टर्न मोअर' म्हणतात. त्याच्या मागील दोन चाकांना स्वतंत्र हायड्रॉलिक पंपांनीं गति मिळते व चालकाच्या हातीं बहुधा दोन दांडे असतात. एक दांडा पुढें व दुसरा मागें केला कीं यंत्र जागच्या जागीं गर्रकन वळतें. पुढचीं चाकें कचेरींतील फिरत्या खुर्चीच्या चाकांप्रमाणें मोकळीं असतात.

पहिला प्रश्न यंत्राच्या वयाचा नसून त्यानें किती तास काम केलें याचा आहे. समजा, हंगाम तीस आठवड्यांचा आहे. आठवड्यास एक तास आपलीच हिरवळ कापणाऱ्या गृहस्थाचें यंत्र पांच वर्षांत १५० तास चालेल. आठवड्यास २५ तास काम करणाऱ्या कंत्राटदाराचें ३,७५० तास चालेल. वय दोहोंचें एकच! तास मोजणारें घड्याळ यंत्रावर असतें. परंतु तें बदलतां येतें, म्हणून केवळ त्यावर विसंबूं नये. पाय ठेवण्याचा पत्रा, बैठक व दांड्यांच्या मुठी किती झिजल्या आहेत तें पाहावें. घड्याळ थोडे तास दाखवीत असून मुठी गुळगुळीत झाल्या असतील, तर मुठींवर विश्वास ठेवावा.

दुसरा प्रश्न जातीचा. घरगुती यंत्र कितीही नवें दिसलें तरी तें रोजच्या राबण्याकरितां बनविलेलें नसतें. त्याचें पात्यांवरील झाकण, म्हणजे डेक, बहुधा पातळ पत्रा ठोकून घडविलेलें असतें. धंद्याच्या यंत्राचें जाड पोलादी पत्रे सांधून केलेलें असतें. घरगुती यंत्राची हायड्रॉलिक पेटी पुष्कळदां बंदिस्त असते. धंद्याच्या यंत्रांत तेल व गाळणी बदलण्याची सोय असते.

आतां प्रत्यक्ष परीक्षा. इंजिन आधीं हातानें चाचपावें. विकणाऱ्यानें तें तापवून ठेवलेलें नसावें. थंड इंजिन सुरू करतांना निळसर धूर सतत येत राहिला, तर आंत तेल जळत आहे असें समजावें. नंतर इंजिन बंद करून, किल्ली काढून व ठिणगीच्या प्लगची तार सोडवून, जाड हातमोजे घालून पात्याचें टोंक वरखालीं हलवून पाहावें. तें खडखडत असेल तर आंसाचे बेअरिंग झिजले आहेत. डेकचे सांधे तडकले आहेत काय, तेंही न्याहाळावें.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा यंत्र तापल्यावरची. झिजलेला पंप थंडपणीं ठीक चालतो. तेल तापून पातळ झालें कीं त्याचा जोर ओसरतो. म्हणून यंत्र निदान अर्धा तास चालवावें व मग सौम्य चढावर न्यावें. तेथें तें दमलें, अथवा दोन्ही दांडे सारखे पुढें केले असतां स्पष्टपणें एका अंगास ओढूं लागलें, तर खर्च मोठा आहे असें जाणावें.

येथें जिवाचाही प्रश्न आहे. या यंत्राचें वळणें व थांबणें मागील चाकांवरच अवलंबून असल्यामुळें उतारावर तीं घसरलीं कीं दोन्ही गोष्टी हातच्या जातात. पुष्कळ उत्पादक १५ अंशांहून अधिक उतार वर्ज्य सांगतात. कांहीं त्याहूनही कमी. यंत्र उलटल्यास चालकाचें रक्षण करणारी कमान व कमरपट्टा नसेल, तर स्वस्ताईच्या मोहांत पडूं नये.

रुंदीही कामाप्रमाणें हवी. ६० इंची डेक ताशीं ६ मैल वेगानें, कागदावर, सुमारें ३.६ एकर कापतें. वळणें व एकावर एक येणारे पट्टे यांसाठीं पंचमांश वजा केला तर २.९ एकर. ४८ इंची सुमारें २.३ एकर. परंतु गिऱ्हाइकांच्या परसदारांचीं फाटकें अरुंद असतील, तर मोठें यंत्र बाहेरच उभें राहील.

शेवटीं हिशेब. दोन्ही यंत्रें एकूण २,१०० तास टिकतील असें धरूं. एकाचे १,७०० तास झाले असून किंमत ३,००० डॉलर. दुसऱ्याचे ७०० तास झाले असून किंमत ५,६०० डॉलर. पहिल्याचे ४०० तास उरतात, म्हणजे तासास साडेसात डॉलर. दुसऱ्याचे १,४०० उरतात, म्हणजे तासास चार डॉलर. स्वस्त दिसणारें यंत्रच महाग पडलें. म्हणून किंमत उरलेल्या तासांनीं भागून पाहावी, सुटे भाग गांवांत मिळतात कीं नाहीं याची चौकशी करावी, आणि जो विकणारा अर्धा तास यंत्र चालवूं देत नाहीं त्यास नमस्कार करून परतावें.