नौकेच्या खोलीचें रंगकाम

कल्याणच्या खाडीला नौका नव्या नाहींत. १६५७ सालीं कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यांत आल्यावर याच खाडीच्या काठीं मराठी आरमाराच्या उभारणीस आरंभ झाला. त्या काळच्या लांकडी नौकांना वेळोवेळीं तेल पाजावें लागे, सांधे भरावे लागत. आज ठाण्याच्या व वसईच्या खाडींत कोळी बांधवांच्या कितीतरी होड्या फायबरच्या दिसतात. हौशी नाविकांच्या लहान शिडाच्या नौकाही बहुधा फायबरच्याच असतात. फायबर कुजत नाहीं. म्हणून त्याला निगेची गरज नाहीं, असा समज होतो. पावसाळ्यानंतर नौकेच्या खोलीचें दार उघडावें, तों कुबट वास, छतावर काळी बुरशी आणि भिंतींवरून सुटलेले रंगाचे पापुद्रे दिसतात, आणि तो समज दूर होतो.

असें कां व्हावें? कांचेच्या तंतूंचें कापड साच्यांत थरावर थर बसवून राळेनें घट्ट केलें, कीं फायबरचें कवच तयार होतें. साच्याला टेकलेली बाहेरची बाजू गुळगुळीत निघते. आंतली खरबरीत राहते, म्हणून ती रंगवितात. कवच पातळ असल्यानें रात्रीं तें थंड पडतें व आंतील दमट हवेंतील बाष्प त्यावर दंवासारखें जमतें. शिवाय खाडीच्या हवेंतील मीठ पाणी ओढून घेतें. रंगाखालीं मिठाचा अंश राहिला, कीं तेथें ओल धरते व रंग सुटतो.

यासाठीं रंगाचा डबा उघडण्यापूर्वींच निम्म्याहून अधिक काम उरकावें लागतें. प्रथम साबणानें व भरपूर गोड्या पाण्यानें खोली धुवावी. ती वाळल्यावर थिनरच्या फडक्यानें तेलकटपणा पुसावा आणि मगच घांसावें; क्रम उलटा झाला, तर तेल ओरखड्यांत भरतें व नवा रंग धरत नाहीं. सुटा रंग खरवडून काढावा, घट्ट बसलेला ठेवावा. पॉलिशपेपर पाण्यांत भिजवून वापरावा व नाकातोंडावर योग्य मास्क बांधावा, म्हणजे कांचेची धूळ छातींत जात नाहीं. खड्डे इपॉक्सी पुट्टीनें भरून प्रायमरचा एक व रंगाचे दोन पातळ हात द्यावेत.

रंग कोणता निवडावा, हा खरा महत्त्वाचा प्रश्न. दिलीप दोंदे या नौदल अधिकाऱ्यांनीं २००९-१० सालीं गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौकेंतील लहानशी खोली हेंच महिनोन् महिने त्यांचें घर होतें. तेथील हवा नाविकाच्या श्वासाची हवा असते, हें रंग निवडतांना विसरूं नये. दोन भाग मिसळून लावण्याचा पॉलियुरेथेन रंग बाहेरच्या अंगास उत्तम, कारण तो वर्षानुवर्षें ऊन सोसतो. खोलींत तसें ऊन येत नाहीं. उलट त्या रंगाच्या हार्डनरमधील आयसोसायनेट द्रव्यानें दमा जडूं शकतो, आणि एकदां जडला कीं पुढें त्याचा अल्प अंशही सोसवत नाहीं. फवाऱ्यानें धोका वाढतो. धुळीचा मास्क तो अडवीत नाहीं. आंत एकाच डब्याचा साधा रंग, शक्य तर पाण्यांत मिसळणारा, ब्रशनें लावला तरी पुरतो.

थिनरची वाफ हवेहून जड असल्यानें तळाशीं सांचते. तेथें एक ठिणगी पुरे. म्हणून पंखा बाहेर ठेवून ताजी हवा नळीनें तळापर्यंत सोडावी, विडी-काडी पेटवूं नये, आणि हांकेच्या अंतरावर दुसरा माणूस असावा.

या कामास नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस बरे. सकाळचें दंव उडाल्यावर आरंभ करावा व ऊन उतरण्यापूर्वीं थांबावें. ओला रंग दंवांत सांपडला, तर निस्तेज होतो. तळाला पांढराच रंग द्यावा, आणि तोही शोभेसाठीं नव्हे. पांढऱ्या तळावर गळतीचा पहिला ओघळ व गंजाची पहिली रेघ ताबडतोब दिसते, आणि नौका किनाऱ्याला असतांनाच दुरुस्ती करतां येते.