पाठीवरचे बिऱ्हाड : हलक्या सामानाविषयीचे समज-गैरसमज

पाठीवर सॅक टाकून परदेशात हिंडायचे तर सामान किती घ्यावे, हे प्रवास किती दिवसांचा आहे यावर ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. आठवड्याला सात किलो, तर महिन्याला वीस, असा काहीसा हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात वजन ठरते ते दोन धुण्यांमधल्या अंतरावर. चार-पाच दिवसांतून एकदा कपडे धुतले, की आठ दिवसांना लागतात तेवढेच कपडे तीन महिन्यांनाही पुरतात. वाढतात त्या फक्त संपणाऱ्या वस्तू, म्हणजे रोजची औषधे किंवा कॉन्टॅक्ट लेन्स.

म्हणून प्रवासाचा कपडा निवडताना तो किती टिकेल यापेक्षा किती वेळात वाळेल हे आधी पाहावे. जीन्स दणकट आणि मळखाऊ, तेव्हा प्रवासाला तीच बरी, हा समज इथे तोकडा पडतो. एक जीन्स सहाशे ते आठशे ग्रॅम भरते आणि दमट हवेत, बंद खोलीत दुसऱ्या दिवशीही कमरेच्या पट्टीशी ओलसर लागते. पातळ नायलॉनची पँट तिच्याहून कितीतरी हलकी असते आणि बहुधा रात्रीत वाळते. पॉलिएस्टरचा टीशर्टही चटकन वाळतो, मात्र त्याला घामाचा वास लवकर धरतो. मेरिनो लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषूनही ओली लागत नाही आणि तिला वास उशिरा येतो, पण ती महाग असते आणि धुताना जपावी लागते. उन्हाळी देशांत साधा पातळ सुती सदरा पुरतो. त्यासाठी खास खरेदी करण्याचे काहीच कारण नाही.

टॉवेलच्या बाबतीत तर उत्तर महाराष्ट्रातल्या घराघरात आहे. जाड टर्किश टॉवेल अर्ध्या किलोच्या आसपास जातो. सुती पंचा त्यापुढे अगदीच हलका असतो, हाताच्या पंजाएवढी घडी होतो आणि खिडकीशी टाकला की वाळतो. कपडे वाळवायलाही तोच उपयोगी पडतो. पिळलेला शर्ट कोरड्या पंचावर पसरावा, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करावी, ती पायाखाली दाबावी आणि मग शर्ट दोरीवर टाकावा. पिळूनही न निघालेले पाणी पंचात उतरते आणि शर्ट सकाळपर्यंत अंगात घालण्याजोगा होतो.

कमी कपडे म्हणजे नुसत्या हाफ पँटा आणि बनियनवजा टीशर्ट, असेही समजू नये. बँकॉकचा राजवाडा असो की व्हॅटिकनमधली सेंट पीटर्स बॅसिलिका, उघडे खांदे आणि गुडघे तिथे चालत नाहीत. एक पूर्ण लांबीची पँट आणि एक बाह्यांचा शर्ट कितीही हलक्या सामानात असायलाच हवा.

थंड देशात जायचे म्हणजे जाडजूड स्वेटर आणि वजनदार कोट हवाच, ही भीती अनेकांची सॅक दुप्पट करते. शरीर उबदार राहते ते कपड्यांत अडकलेल्या हवेमुळे. अंगालगत घाम शोषणारा पातळ थर, त्यावर फ्लीस किंवा पिसांचे जाकीट आणि सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारे पातळ आवरण, असे तीन थर एका जाड कोटापेक्षा हलके असतात. शिवाय चढण लागली की एक थर उतरवता येतो. सुती कपडा मात्र थंडीत अंगालगत घालू नये. घामाने किंवा पावसाने भिजला की तो बराच वेळ ओला राहतो आणि शरीरातली ऊब ओढून घेतो. हिमालयात किंवा आल्प्समध्ये हे जिवावर बेतू शकते.

हवा काढून टाकणाऱ्या पिशव्यांनी सामान कमी होते, हा तर उघड गैरसमज. त्यांनी जागा वाचते, वजन ग्रॅमभरही घटत नाही. उलट मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही, आणि दोन किलो जास्तीचे सामान नकळत आत जाते. मोठी सॅक घेऊन ती अर्धीच भरायचा बेतही असाच फसतो. 40 लिटरच्या आसपासची सॅक बहुतेकांना पुरते. विकत घेताना लिटरपेक्षा कमरेचा पट्टा नीट पाहावा, कारण तो कंबरेच्या हाडांवर बरोबर बसला तर सॅकचा बराचसा भार खांद्यांवरून उतरून कमरेवर येतो. जड वस्तू तळाशी टाकण्याची सवयही चुकीची आहे. त्या पाठीला चिकटून, साधारण मध्यावर असाव्यात. पाठीपासून लांब ठेवलेले ओझे माणसाला मागे खेचते.

विमानात सोबत नेण्याच्या बॅगेचा नियम सगळीकडे एकच असतो, असे धरून चालणाऱ्यांना विमानतळावर भुर्दंड पडतो. इंडिगोची मर्यादा 55 × 35 × 25 सेंटिमीटर आणि 7 किलो अशी आहे. युरोपात रायनएअरच्या सर्वांत स्वस्त तिकिटात फक्त समोरच्या आसनाखाली मावेल एवढीच पिशवी बसते. प्रवासात तीन कंपन्यांची विमाने असतील, तर त्यातल्या सर्वांत कडक कंपनीची मर्यादा हीच संपूर्ण प्रवासाची मर्यादा. सात किलोंत सॅकचे स्वतःचे वजनही धरले जाते, हे फार जण विसरतात. रिकामी सॅकच दोन किलोंची असेल, तर सामानाला उरतात पाच. जड बूट आणि जाकीट अंगावर घालून विमानात चढावे ते यासाठीच.

द्रवपदार्थांच्या नियमाचे मूळ ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमध्ये उघडकीस आलेल्या कटात आहे. अटलांटिक ओलांडणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवण्याचा तो बेत होता. तेव्हापासून बाटली जास्तीत जास्त 100 मिलिलिटरची आणि अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, हा दंडक बहुतेक देशांत रूढ झाला. 200 मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी थोडाच शाम्पू उरला असेल तर चालेल, असे वाटते; पण मोजतात ती बाटली, आतला शाम्पू नव्हे. टूथपेस्ट, तूप आणि चटण्याही याच नियमात येतात. काही विमानतळांनी नव्या यंत्रांमुळे नियम सैल केला आहे, तरी परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर तो कडकच असू शकतो. साबणाची वडी, घट्ट शाम्पूची वडी आणि दंतमंजन यांच्यापुढे हा प्रश्नच उभा राहत नाही.

पॉवर बँक जड, म्हणून ती चेक-इन सामानात टाकावी, हा समज धोकादायक आहे. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्यांना सामानकक्षात बंदी आहे, कारण तिथे पेट घेतला तर हाताने विझवायला कोणी नसते. साधारणपणे 100 वॅट-अवरपर्यंतची पॉवर बँक जवळ ठेवता येते. 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74 वॅट-अवरची भरते. जानेवारी 2025 मध्ये बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचे विमान पेटल्यानंतर दक्षिण कोरियाने ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवण्यास मनाई केली. विमानाच्या दाराशी सॅक ऐनवेळी सामानकक्षात पाठवली, तर पॉवर बँक आधी बाहेर काढून घ्यावी. व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर मात्र बहुतेकांना लागतच नाही. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर सहसा 100 ते 240 व्होल्टवर चालतात. तसे त्यांच्यावर छापलेलेही असते. लागतो तो फक्त पिनचा ॲडॅप्टर, आणि भारतातली बारीक दोन पिनांची चार्जरची पिन युरोपात बहुतेक ठिकाणी तशीच बसते.

हलके सामान म्हणजे महागडे सामान, हाही समज दुकानांच्या काचांमागे चांगला पोसला जातो. अमेरिकेच्या एमा गेटवूड यांनी 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, तीन हजार किलोमीटरहून लांब असलेली ॲपलॅशियन वाट एकटीने पार केली. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची थैली होती, पायांत कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. वजन सर्वांत जास्त घटते ते घरी ठेवलेल्या वस्तूंनी, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

'तिथे सगळे मिळते' हे साबण, मोजे आणि छत्रीपुरते खरे आहे. काठमांडूच्या ठमेलमध्ये पिसांची जाकिटे आणि स्लीपिंग बॅगाही भाड्याने मिळतात. औषधांना ते लागू नाही. अनेक देशांत अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि भारतातली ब्रँडची नावे तिथे कोणाला कळत नाहीत. म्हणून मूळ पाकिटातली औषधे आणि रासायनिक नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी सॅकमध्ये असावी. औषधे नेतानाही देशाचा कायदा पाहावा लागतो. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामकांना आधी परवानगी लागते.

खाण्याच्या डब्यांविषयी मराठी घरांत सर्वाधिक माया असते आणि सर्वाधिक गैरसमजही. घरचे आहे, त्यात काय आक्षेपार्ह असणार, असे म्हणून डबे भरले जातात. खसखस अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये बेकायदा आहे. खसखशीवर थापलेले अनारसे दुबईतल्या मावशीकडे नेण्याआधी हे माहीत असावे. सुके खोबरे तेलकट असल्याने आपोआप तापून पेटू शकते, म्हणून हवाई वाहतुकीत ते धोकादायक मालात गणले जाते. युरोपीय संघात बाहेरून आलेल्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यात तूपही आले. ऑस्ट्रेलियात बिया, फळे, दूध-दुभत्याचे पदार्थ यांची नोंद आगमनाच्या फॉर्मवर करावी लागते. नोंद केलेली वस्तू चालण्याजोगी नसेल तर अधिकारी ती फार तर काढून घेतात; दंड होतो तो न सांगितलेल्या वस्तूबद्दल.