सातऐवजी नऊ

घरात गोड बातमी कळली की पहिल्याच दिवशी एक सल्ला हमखास मिळतो : "आता गोळ्याबिळ्या घेऊ नकोस हो, बाळाला बाधतील." डोकेदुखीच्या किंवा मनाने आणलेल्या इतर गोळ्यांबद्दल ही धास्ती रास्त आहे. पण जिची थायरॉइड ग्रंथी मुळातच मंद चालते, तिने या सल्ल्यापायी रोजची सकाळची गोळी सोडली, तर काळजीपोटीच नुकसान होतं. ती गोळी असते लेव्होथायरॉक्सिनची. निरोगी बाईच्या गळ्यातली ग्रंथी जे थायरॉक्सिन तयार करते, हुबेहूब तेच या गोळीत असतं. शरीराला ते परकं नाही आणि बाळालाही नाही. उलट, दिवस राहिल्यावर ते नेहमीपेक्षा जास्त लागतं, आणि तेही फार लवकर. हे 'लवकर' म्हणजे किती, ते नीट कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे होऊन गेलेले असतात. थायरॉक्सिनची गरज वाढायला सुरुवात होते ती चौथ्या ते सहाव्या आठवड्यातच. किटवर दोन रेषा उमटवणारं एचसीजी नावाचं संप्रेरक निरोगी बाईच्या थायरॉइडलाही ढकलतं आणि जास्त काम करायला लावतं. त्याच वेळी वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तातलं एक वाहक प्रथिन वाढतं आणि बरंचसं थायरॉक्सिन त्याला चिकटून बसतं. शिवाय वार, म्हणजे प्लॅसेंटा, काही संप्रेरक मोडून टाकते आणि काही बाळाकडे पोचवते. धडधाकट ग्रंथी ही सगळी मागणी मुकाट्याने पुरी करते. हाशिमोटोच्या आजाराने कमकुवत झालेली किंवा शस्त्रक्रियेने काढून टाकलेली ग्रंथी हे करू शकत नाही. तिथे वाढीव पुरवठा फक्त गोळ्यांच्या बाटलीतूनच होऊ शकतो.

बाळाची स्वतःची थायरॉइड साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास संप्रेरक करू लागते आणि अठराव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत खऱ्या अर्थाने कामाला लागते. तोवर बाळाच्या मेंदूच्या जडणघडणीला लागणारं थायरॉक्सिन आईच्या रक्तातूनच येतं. डॉक्टरांकडे पहिली खेप अनेकदा आठव्या-नवव्या आठवड्यात होते, रक्ततपासणीचा रिपोर्ट त्यानंतर येतो, आणि गोळी वाढते तेव्हा मोलाचे तीन-चार आठवडे हातचे गेलेले असतात.

म्हणूनच ज्या बाईचे उपचार आधीपासून चालू आहेत तिच्यासाठी अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं एक साधी युक्ती सांगतात : दिवस राहिल्याची शंका येताच आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. म्हणजे रोजची एक आहेच, आणि आठवड्यातले दोन दिवस, समजा बुधवारी आणि रविवारी, एक जादा. मात्रा साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढते आणि नवी बाटली आणावी लागत नाही. मूल हवं असं ठरेल तेव्हाच डॉक्टरांशी हे बोलून ठेवावं, आणि टीएसएच २.५च्या खाली आणून मगच पुढे जावं. एकदा संमती घेऊन ठेवली की किटवर रेषा दिसल्या त्या दिवशी फक्त फोन करायचा. भेटीची वाट बघत बसायचं नाही. ग्रंथी पूर्ण काढलेल्या बाईला याहून अधिक वाढ लागू शकते.

टीएसएचचा आकडा अनेकांना उलटा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगते. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी थायरॉइडच्या मागे जो तगादा लावते, तो म्हणजे टीएसएच. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की तगादा वाढतो. म्हणून 'टीएसएच जास्त' याचा अर्थ 'थायरॉइड कमी'. रिपोर्टच्या कागदावर शेजारी जी मर्यादा छापलेली असते ती बहुधा गरोदर नसलेल्या माणसांची, चार-साडेचारपर्यंतची. त्यामुळे ३.८ हा आकडा ठळक होत नाही आणि घरी सगळे म्हणतात, "नॉर्मल आहे की!" उपचार घेणाऱ्या गरोदर बाईसाठी मात्र लक्ष्य २.५च्या खालचं असतं. कागदावर खूण नाही म्हणून रिपोर्ट फाइलला लावून टाकू नये, डॉक्टरांना दाखवावा.

गोळी बदलली की परिणाम दिसायला वेळ लागतो. थायरॉक्सिन शरीरात रेंगाळतं. निम्मं व्हायलाच त्याला सुमारे आठवडा लागतो. म्हणून तपासणी दर चार आठवड्यांनी, गरोदरपणाच्या मध्यापर्यंत, आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास निदान एकदा. आपल्याकडे सातव्या महिन्यात ओटीभरण होऊन मुलगी माहेरी जाते, ती नेमकी याच तपासणीच्या वेळेला. डॉक्टर बदलतात, फाइल सासरी राहते. साड्यांच्या आधी ती फाइल आणि गोळ्यांची बाटली बॅगेत गेली पाहिजे.

आता रोजची गोळी. ती अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने. एखादे दिवशी विसरली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्यावी. खरी चूक होते ती लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर. गरोदरपणात या दोन्ही गोळ्या प्रत्येकीला मिळतात, आणि सोय म्हणून सगळ्या एकदमच तळहातावर घेतल्या जातात. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते रक्तात उतरत नाही. मग टीएसएच वाढलेलं दिसतं, मात्रा वाढवली जाते, आणि दोष असतो वेळेचा. मध्ये चार तासांचं अंतर हवं. सकाळी सहाला थायरॉइडची, दुपारच्या जेवणाबरोबर कॅल्शियम, पाचच्या सुमारास लोहाची, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम, असं बसवता येतं. कॅल्शियम आणि लोहही एकमेकांच्या वाटेत येतात, म्हणून तीही वेगळी. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन दिवस ते बंद ठेवा. त्याने तपासणीचे आकडेच चुकतात.

थायरॉइड बिघडेल म्हणून कोबी-फ्लॉवरची भीती बाळगण्याचं कारण नाही. शिजवून खाल्लेली रोजची भाजी काही बिघडवत नाही. आयोडीनकडे मात्र लक्ष हवं. गरोदर बाईला दिवसाला सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, कारण बाळाची ग्रंथी सुरू झाली की कच्चा माल म्हणून तेच वापरते. उपासाला जे शेंदेलोण वापरतात त्यात सहसा आयोडीन मिसळलेलं नसतं. चतुर्थीच्या एका दिवसाने काही होत नाही, पण 'नैसर्गिक' म्हणून वर्षभर तेच मीठ वापरणाऱ्या घरात गरोदर सून असेल तर आयोडीनयुक्त मिठाची पिशवी परत आणावी.

ज्यांचं निदान गरोदरपणातच होतं, त्यांच्यात एक धूसर गट आहे : टीएसएच थोडं जास्त, पण थायरॉक्सिन पुरेसं. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, थायरॉइड कमी असून उपचार न झालेल्या बायकांच्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी सात गुणांनी कमी आढळला आणि जगभर काळजी पसरली. पुढे २०१२ आणि २०१७ साली मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांत सौम्य दोषावर गोळी दिलेल्या आणि न दिलेल्या आयांच्या मुलांत फरक दिसला नाही. पण तिथे बहुतेकींचे उपचार सुरू झाले ते बाराव्या आठवड्याच्या पुढे, हा आक्षेप मला वजनदार वाटतो. म्हणून डॉक्टर अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी बघून, टीएसएच किती वर आहे ते पाहून ठरवतात. टीएसएच दहाच्या वर असेल तर चर्चाच नाही, गोळी लागते.

बाळंतपण झालं की वाढीव मागणी संपते आणि मात्रा बहुधा लगेच गरोदरपणाआधीच्या मापावर येते. गोळी घेत असताना अंगावर पाजायला हरकत नाही. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याची थायरॉइड जन्मानंतर दोन-तीन दिवसांत तपासून घ्यावी. आईचं टीएसएच उत्तम असलं तरी ही तपासणी वेगळी आहे. आईची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी. या काळातला थकवा, केस गळणं, उदास वाटणं सगळं जागरणाच्या खात्यावर जातं, आणि बाळंतिणीचं रक्त तपासायचं राहून जातं. बाळाची दीड महिन्याची लसही याच सुमारास असते. बाळाला घेऊन जाल त्याच दिवशी आईचंही रक्त देऊन या, सकाळची गोळी घेण्याआधी.