मिश्र वन, साग आणि बांबूचा परवाना

पूर्व विदर्भातील वनप्रश्नाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. झाडे दिसली म्हणजे तेथे वन आहेच, असे नाही. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळाने अनेक ठिकाणी मिश्र जंगल तोडून सागाची लागवड केली. इमारती लाकूड म्हणून साग मोलाचा खराच. परंतु मोह, तेंदू, चार, बेहडा यांच्या जागी तो एकटाच उभा राहिला म्हणजे मोहफुले वेचणाऱ्या स्त्रियांचा उन्हाळी आधार नाहीसा होतो आणि त्याच फुलाफळांवर जगणाऱ्या अस्वलांना व पक्ष्यांनाही तेथे काही उरत नाही. खाली गवत-झुडपे नसतील, तर सागाच्या रुंद पानांवरून पडणारे जड थेंब माती उखडतात. ही माती शेवटी बोडी-तलावांत जाऊन बसते, आणि धानाची शेती तर त्यांच्याच पाण्यावर चालते.

मग वनातून काही काढूच नये काय? बांबूचे बेट याचे उत्तर देते. कोवळ्या काठ्या राखून पक्व तेवढ्याच तोडल्या, तर बेट वर्षानुवर्षे उत्पन्न देते. सरसकट तोडले, तर ते खुरटते. हा हिशेब ठेकेदारालाही कळतो, पण त्याला पुढच्या पिढीशी कर्तव्य नसते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच हाती होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरविला होता; १९२७ च्या कायद्यात मात्र तो ‘वृक्ष’ होता, आणि त्या व्याख्येतून तो २०१७ मध्येच वगळला गेला. अखेर २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले.

आपल्या वाचकांनी या कायद्यातील एक अट नीट वाचावी. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या वननिवासींना, म्हणजे वनजमीन कसणाऱ्या बौद्ध भूमिहीनांनाही, १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, अर्थात ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांच्या आजोबांच्या नावे सातबाराच नव्हता, त्यांनी कागद कोठून आणावा? परंतु दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन नियमांनुसार पुरावा म्हणून ग्राह्य आहे, ही बाब फारशी सांगितली जात नाही. शिवाय सामूहिक हक्काच्या ग्रामसभेत गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष सभासद असतो. कोणते बेट यंदा तोडावे, कोणते राखावे आणि तोडणीची मजुरी कोणाला मिळावी, हे तेथेच ठरते.