ग्रुपवर मिळालेले काम कागदावर आणा

"दीड वर्षाच्या मुलीला सांभाळायला ताई हव्यात. सकाळी ९ ते सायंकाळी ७. रुपीनगर-तळवडे भागातील असल्यास उत्तम." सोसायटीच्या, मोहल्ल्याच्या किंवा बचत गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज पडतो, कुणीतरी तो पुढे पाठवते आणि संध्याकाळपर्यंत काम ठरतेही. तळवड्यात एका बाजूला आयटी पार्क, जवळच चाकणचा औद्योगिक पट्टा. नवरा-बायको दोघेही कामावर, आजी-आजोबा गावी. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, असे २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. तरीही शिफ्ट आणि प्रवासामुळे अनेकांना घरीच माणूस हवे असते.

आपल्या भगिनींसाठी ही हलाल रोजीची चांगली वाट आहे. घराजवळचे काम, मुलांची सवय असतेच, शिवाय एजंटला पैसे द्यावे लागत नाहीत. पण ग्रुप फक्त ओळख करून देतो. पुढची जबाबदारी ग्रुपची नसते, ॲडमिनचीही नसते.

तोंडी कामाची किंमत तळवड्याने पाहिली आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवरच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या, विनापरवाना चालणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि तिथे राबणाऱ्या महिलांचे बळी गेले. घरातले काम तितके धोक्याचे नाही, पण कुठे, कुणाकडे आणि कोणत्या अटींवर काम करतो, हे माहीत असणे तिथेही तेवढेच गरजेचे आहे.

बहुतेक तक्रारी पहिल्या महिन्यानंतर सुरू होतात. ठरलेले असते बाळ सांभाळणे, मग हळूहळू भांडी येतात, स्वयंपाक येतो. कंपनीची बस उशिरा आली की ७ चे ९ वाजतात आणि जादा तासांचा विषय निघत नाही. म्हणून होकार देण्यापूर्वी हे ठरवा: मुले किती, कामे कोणती, वेळ कोणती, उशीर झाल्यास तासाला किती, पगार कोणत्या तारखेला, आठवड्याची सुट्टी कधी. नमाजची वेळ, रमजान आणि ईदची सुट्टी यांबद्दल संकोच न करता आधीच बोला. बाळाला औषध काय द्यायचे, पडले-झडले तर कुणाला फोन करायचा, घरात कॅमेरा आहे का, हेही विचारा. सगळे ठरले की तेच मुद्दे मेसेजमध्ये लिहून समोरच्याचा होकार घ्या. पुढे वाद झाला तर तोच मेसेज उपयोगी पडतो.

पहिल्या भेटीला घरातल्या कुणाला तरी सोबत न्या आणि पत्ता घरी सांगून जा. आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकू नका. ओळखपत्र मागितले तर शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' द्या. काम देण्याआधी 'नोंदणी फी' मागणाऱ्याला पैसे पाठवू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते आणि त्यासाठी मालकाचे प्रमाणपत्र लागते. ते मागण्यात कमीपणा नाही. ई-श्रम पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे. कामाच्या घरी लैंगिक छळ झाल्यास २०१३ चा कायदा घरकामगार महिलेलाही लागू होतो आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. तातडीच्या मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आपल्यापैकी काही घरे काम देणारीही आहेत. त्यांनी हजरत हलीमा दाईंची आठवण ठेवावी. पैगंबरांनी (स.) आपल्याला लहानपणी दूध पाजून वाढवणाऱ्या या मातेचा पुढे मोठा मान राखला. सूरह बकरामध्येही मुलाला दूध पाजणाऱ्या स्त्रीचा मोबदला रीतीप्रमाणे चुकता करण्याचा आदेश आहे. आपले मूल ज्या बाईच्या हाती आपण अमानत म्हणून सोपवतो, तिचा पगार तारखेला द्यावा, तिच्या जेवणाची आणि आजारपणाची चौकशी करावी. ती चांगली असेल तर तिचे नाव ग्रुपवर स्वतःहून सुचवावे. ग्रुपवर तिला पुढचे काम याच शिफारशीवर मिळते.